दार कोणी उघडलं? लिंडन जॉन्सन यांची पाच वर्षं

(मंडळाच्या कोजागरी मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीनं मला विषय दिला तो 'अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्या कारकिर्दीतले कळीचे प्रश्न'. सव्वीस वर्षं मी इथल्या सरकारी शाळेत हाच विषय शिकवला. सगळ्यांचा धावता आढावा घेण्यापेक्षा आज मी एकाच माणसाबद्दल बोलणार आहे. तो आपल्या टेक्सासचाच. त्याच्या एका सहीशिवाय आजचा हा हॉल असा भरला नसता.

३ ऑक्टोबर १९६५. न्यूयॉर्कच्या बंदरात, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी टेबल मांडलेलं आणि तिथे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन नव्या स्थलांतर कायद्यावर सही करत होते. सही करण्याआधी ते म्हणाले की हा काही क्रांतिकारक कायदा नाही, लाखो लोकांच्या आयुष्यावर याचा परिणाम होणार नाही. ते मनापासून बोलत होते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण झालं भलतंच, आणि ते भलतं म्हणजे आपण.

त्याआधी काय होतं, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं. आनंदीबाई जोशी १८८६ साली पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झाल्या, म्हणजे शिकायला येणारी माणसं होती. पण इथे राहायचं म्हटलं की वाट बंद. भगतसिंग थिंड नावाचा माणूस पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, तरी १९२३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तुम्ही गोरे नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. १९२४च्या कायद्यानं आशियाला जवळपास पूर्ण कुलूप घातलं. १९४६ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ते जरासं किलकिलं केलं, भारतीयांना नागरिक होता येऊ लागलं, आणि अख्ख्या भारतासाठी वर्षाला जागा ठेवल्या १००. कोट्यवधींच्या देशाला शंभर!

१९६५च्या कायद्यानं जन्मदेशावरून ठरणारे जुने कोटे काढून टाकले. पूर्व गोलार्धातल्या कुठल्याही एका देशाला वर्षाला २०,००० व्हिसापर्यंत मुभा मिळाली. गंमतीची नव्हे, विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की यातल्या ७४ टक्के जागा नातेवाइकांसाठी ठेवल्या होत्या. काही खासदारांचा हिशोब होता की इथे आधीच युरोपातले लोक जास्त, म्हणजे त्यांचेच भाऊ-बहीण येतील आणि देशाचा चेहरा तसाच राहील. शिकलेल्या, हुनरवान लोकांसाठी वेगळ्या जागा होत्या, त्यातून आपले डॉक्टर-इंजिनीअर आले. मग त्यांनी भावाला बोलावलं, भावानं सासऱ्यांना. नवी पद्धत पूर्णपणे लागू झाली १ जुलै १९६८ला, आणि शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ सालचं. या दोन तारखा शेजारी ठेवून बघा.

आता मी जे बोलणार आहे ते कदाचित सगळ्यांना रुचणार नाही, पण मला ते आज बोलायचंच आहे. आपल्याकडे एक वाक्य फार ऐकू येतं: 'आपण इथे आपल्या हुशारीवर आलो, कोणाचे उपकार नाहीत.' हुशारी होतीच. माझे यजमान १९७१ साली आले ते इंजिनीअरिंगच्या पदवीवर, खिशात अगदी मोजके डॉलर घेऊन. पण हुशार माणसं १९५०मध्येही होती आणि १९३०मध्येही. दार बंद होतं. ते उघडलं कारण त्या वर्षांत या देशातल्या काळ्या लोकांनी रंगावरून माणूस मोजण्याची सगळी पद्धतच सरकारला टाकून द्यायला लावली. नागरी हक्कांचा कायदा १९६४, मतदान हक्काचा १९६५, स्थलांतराचा १९६५. ही एकाच झाडाची फळं आहेत. ज्यांनी झाड लावलं त्यांनी लाठ्या खाल्ल्या. आपण आलो तेव्हा फळ पिकलं होतं.

जॉन्सन या वाटेवर जन्मापासून नव्हते. १९३७ ते १९५६, सुमारे वीस वर्षं, काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, ते नागरी हक्कांच्या प्रत्येक विधेयकाच्या विरोधात उभे राहिले. ते मी झाकणार नाही. पण त्यांच्या पोटात एक जुनी गोष्ट होती. वयाच्या विशीत, १९२८ साली, ते दक्षिण टेक्सासमधल्या कोटुला गावात मेक्सिकन मुलांच्या शाळेत मास्तर होते. मुलं न्याहारी न करता उपाशी वर्गात यायची. लोक आपल्याला का नाकारतात हे त्या मुलांना कळत नसे, पण नाकारतात हे कळत असे. मी स्वतः अशा मुलांना शिकवलंय. मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आधीच काही डोळे दाराकडे लागलेले असतात. ते डोळे मास्तरला जन्मभर सोडत नाहीत.

२२ नोव्हेंबर १९६३ला डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली आणि विमानातच उपाध्यक्ष जॉन्सन यांचा शपथविधी झाला. पाच दिवसांत ते काँग्रेससमोर उभे राहून म्हणाले की केनेडींचं नागरी हक्क विधेयक आधी मंजूर करा. सेनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, दक्षिणेकडच्या राज्यांच्या सभासदांनी आठवड्यांमागून आठवडे भाषणं लांबवून ते अडवलं. अडवणाऱ्यांचे म्होरके होते रिचर्ड रसेल, ज्यांच्या हाताखाली जॉन्सन राजकारण शिकले होते. गुरूला हरवायचं होतं.

१० जून १९६४. चर्चा थांबवण्यासाठी मतदान होतं, ६७ मतं हवी होती. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना मेंदूत गाठ झाली होती, बोलता येत नव्हतं. त्यांना चाकाच्या खुर्चीतून सभागृहात आणलं. नाव पुकारलं गेलं. तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा त्यांनी कसाबसा हात उचलला आणि बोट आपल्या डोळ्याकडे नेलं. इंग्रजीत डोळा आणि 'होय' यांचा उच्चार एकच, आय. मत नोंदलं गेलं. ७१ विरुद्ध २९. पुढच्या महिन्यात, ३० जुलैला, एंगल वारले. हा प्रसंग वर्गात सांगताना माझा आवाज दर वर्षी कापायचा, आजही कापतोय.

पुढच्या वर्षी सेल्मा, अलाबामातलं एक गाव. ७ मार्च १९६५, रविवार. मतदानाचा हक्क मागायला निघालेल्या लोकांना एडमंड पेटस पुलापलीकडे घोडेस्वार आणि काठीधारी पोलिसांनी झोडपलं. आठवड्याभरानं, १५ मार्चला, जॉन्सन काँग्रेससमोर बोलले आणि आंदोलनकर्त्यांच्या गाण्यातलेच शब्द त्यांनी आपल्या तोंडी घेतले. त्याच भाषणात कोटुलाची ती मुलंही आली. ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर सही झाली. मिसिसिपीत मतदार म्हणून नोंद असलेल्या काळ्या प्रौढांचं प्रमाण सुमारे ७ टक्के होतं. १९६७ पर्यंत ते ६०च्या घरात गेलं.

इथे थांबता आलं असतं तर जॉन्सन यांचे पुतळे गावोगावी दिसले असते. पण सेल्माच्या दुसऱ्याच दिवशी, ८ मार्च १९६५ला, अमेरिकेची लढाऊ मरीन पथकं व्हिएतनाममध्ये दानांगच्या किनाऱ्यावर उतरली. त्या वर्षीचा जुलै बघा. २८ तारखेला त्यांनी जाहीर केलं की व्हिएतनाममधलं सैन्य ७५,००० वरून १,२५,००० करतोय. ३० तारखेला मिसुरीत म्हाताऱ्या ट्रुमन यांना शेजारी बसवून मेडिकेअरवर, म्हणजे वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्यावर, सही केली. आपल्यातले कितीतरी जण आज त्या कार्डावर औषधं घेतात. दोन दिवसांचं अंतर, एकच पेन धरणारा हात.

ऑस्टिनला त्यांचं ग्रंथालय आहे. त्यांचे रेकॉर्ड केलेले फोन तिथे ऐकता येतात. व्हिएतनामबद्दलचं, २७ मे १९६४चं एक संभाषण मी ऐकलं. जॉन्सन आपल्या सल्लागाराला सांगतात की यासाठी लढण्यात मला अर्थ दिसत नाही, आणि यातून बाहेर पडता येईल असंही दिसत नाही. आवाज थकलेला आहे. हे सैन्य उतरण्याच्या नऊ महिने आधीचं! त्यांना दिसत होतं, तरी ते गेले. माघार घेतली तर आपण भित्रे ठरू, आणि मग गरिबांसाठीची आपली विधेयकंही काँग्रेस बुडवेल, ही भीती. मी त्यांना यासाठी माफ करू शकत नाही. ५८,००० हून जास्त अमेरिकन आणि लाखो व्हिएतनामी माणसं गेली. ३१ मार्च १९६८ला त्यांनी टीव्हीवर सांगितलं की मी पुन्हा उभा राहणार नाही. ज्या गरिबीविरुद्ध त्यांनी युद्ध पुकारलं होतं त्याचे पैसे खऱ्या युद्धानं खाल्ले.

या माणसाची सावली माझ्या बार्शीच्या घरापर्यंत पोचली होती, हे मला फार उशिरा कळलं. १९६५ आणि ६६, दोन्ही साली पाऊस रुसला होता. आई रेशनच्या दुकानातून मिलो आणायची, अमेरिकेतली लालसर ज्वारी. तिची भाकरी थापताना कडेला चिरा पडायच्या, आणि आई पीठ पुन्हा मळत म्हणायची, 'पोटात गेली की सगळी सारखीच.' ते धान्य पीएल ४८० या अमेरिकेच्या अन्नमदतीच्या कायद्याखाली यायचं आणि जॉन्सन जहाजं स्वतः अडवून धरत, थोडंथोडं सोडत. भारतानं शेतीत सुधारणा करावी म्हणून, आणि व्हिएतनामवरून दिल्ली टीका करते याचाही राग होता. बोटीतून थेट तोंडात, अशी अवस्था होती. तरी १९६६ साली भारतात बाहेरून सुमारे १ कोटी टन धान्य आलं, त्यातलं बहुतेक अमेरिकेचं. उपाशी मुलांना विसरू न शकणारा मास्तर आणि उपाशी देशाची जहाजं मोजून सोडणारा राष्ट्राध्यक्ष, मला हे दोन वेगळे करता येत नाहीत. आणि ती भाकरी मी खाल्लेली आहे.

शेवटी माझ्या शाळेतली एक सहकारी. पूर्व टेक्सासची, काळी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. १९७९ साली मी नागरिकत्वासाठी अर्ज केला तेव्हा तिनं मला घरी जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात तिच्या आईच्या पोल टॅक्सच्या पावत्या होत्या, एक डॉलर पंचाहत्तर सेंट, दर वर्षीची एक. टेक्सासमध्ये मत द्यायचं तर आधी हे पैसे भरावे लागत. आई लोकांचे कपडे धुवायची, तरी एकही वर्ष चुकवलं नव्हतं. कागद घडीवर विरले होते. ती एकेक पावती टेबलावर मांडत गेली. मग मला विचारलं, 'तुम्ही लोक कधी आलात?' मी म्हटलं, नवरा एकाहत्तर, मी चौऱ्याहत्तर. ती म्हणाली, 'म्हणजे आमच्यानंतर.' आवाजात कडवटपणा नव्हता. पावत्या गोळा करून तिनं डब्यात ठेवल्या आणि झाकण लावलं.

४ नोव्हेंबर १९८०, मंगळवार. माझं पहिलं मतदान. यजमान कामानिमित्त बाहेरगावी होते आणि मला गाडी येत नव्हती. शाळा सुटल्यावर तिनंच मला मतदान केंद्रावर नेलं. रांग मोठी होती. माझा नंबर येईपर्यंत ती माझी पर्स धरून भिंतीपाशी उभी होती.