केनेनिसा बेकेले: शेवटच्या फेरीआधीचं गणित

मंडळी, इथिओपियाचा लांब पल्ल्याचा धावपटू बेकेले म्हटलं की लोकांना आठवते ती त्याची शेवटची फेरी. बीजिंगला 2008 मध्ये दहा हजार मीटरची शेवटची फेरी त्याने 54 सेकंदांच्या आत मारली, हे खरं. पण नुसत्या त्या मुसंडीवर शर्यती जिंकता येत नाहीत. याचा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे तो हरलेली एक शर्यत.

अथेन्स, 2004. पाच हजार मीटरची अंतिम शर्यत. त्याच वर्षी 31 मे रोजी हेंगेलोला त्याने या अंतराचा विश्वविक्रम केला होता, 12:37.35. आठ दिवसांनी दहा हजारचाही. दोन्ही विक्रम आधी हाइले गेब्रसेलासीच्या नावावर होते. अथेन्सला मात्र शर्यत सावकाश सुटली, आणि सावकाश शर्यत कोणाला मानवते? पंधराशे मीटर पळणाऱ्याला. हिशम अल गरूज तसाच होता. पाय ताजे राहिले, शेवटच्या सरळ पट्ट्यात तो पुढे सरकला. 13:14.39 विरुद्ध 13:14.59. वीस शतांश सेकंदांनी सुवर्ण गेलं.

आता हाच हिशोब उलटा मांडा. 2003, पॅरिस, जागतिक स्पर्धा, दहा हजार. पहिले पाच हजार मीटर 13:52 मध्ये, म्हणजे फेरीला साधारण 66.6 सेकंद. पुढचे पाच हजार 12:57 मध्ये, फेरीला 62.2. फेरीमागे चार-साडेचार सेकंद कमी करत, तेही साडेबारा फेऱ्या! इतरांच्या पायातला झटका तिथेच संपतो. मग शेवटी कितीही वेगवान गडी मागे असला तरी बिघडत नाही. पहिले तिन्ही इथिओपियाचे: बेकेले, हाइले, सिलेशी सिहिने.

बीजिंगच्या पाच हजारात हा धडा नीट वापरलेला दिसतो. सुरुवातीला धाकटा भाऊ तारिकू पुढे, मग केनेनिसाने स्वतः सूत्रं घेतली आणि वेग चढवतच नेला. 12:57.82, ऑलिंपिक विक्रम.

त्याच वर्षी, 2008 मध्ये, एडिनबरोच्या जागतिक क्रॉस कंट्रीत, म्हणजे ट्रॅकऐवजी गवता-मातीवरच्या शर्यतीत, गर्दीत त्याचा बूट निघाला. थांबून, वाकून, बूट नीट घालून तो पुन्हा पळाला, घोळका गाठला आणि जिंकला. माझ्या मते विक्रमांपेक्षा हे जास्त सांगून जातं.

पण या पळण्याची किंमत पोटरीने मोजली. ट्रॅकवर तो चवड्यावर पळायचा. टाच टेकत नसली की प्रत्येक पावलाचा धक्का पोटरी आणि टाचेवरची शीर झेलतात. 2010 मध्ये पोटरीच दुखावली आणि पुढचा बराच काळ वाया गेला. 2012 ला लंडनमध्ये दहा हजारात चौथा.

मॅरेथॉनमध्ये तो 2014 ला पॅरिसमध्ये उतरला, 2:05:04 मध्ये जिंकला. नंतर दुखापती, अर्धवट सोडलेल्या शर्यती. आणि मग 2019 चं बर्लिन. तिशीच्या किलोमीटरनंतर तो मागे पडला, बिरहानू लेगेसे पुढे निघून गेला. बेकेलेने लगेच झेप घेतली नाही. आपला वेग हळूहळू परत आणत लेगेसेला गाठलं आणि मागे टाकलं. 2:01:41. केनियाच्या एलिउड किपचोगेचा तेव्हाचा विश्वविक्रम 2:01:39.