शीड शिवताना: या चित्रात पांढरं काय आहे?

(पडद्यावर अख्खं चित्र. थोडा वेळ काही बोलायचं नाही.)

या चित्रात पांढरा रंग कुठे कुठे आहे, सांगा बरं. घाई नको, नीट बघा.

'सगळं शीडच पांढरं आहे की!' असंच म्हणाल. मीही कितीतरी दिवस तसंच समजत होते.

चित्राचं नाव 'कोसिएन्दो ला वेला', म्हणजे 'शीड शिवताना'. चित्रकार होआकीन सोरोया. साल 1896. जागा स्पेनचा भूमध्य समुद्राचा किनारा, वालेन्सिया. कोळ्यांच्या होडीचं भलंमोठं शीड पसरलंय, बाया आणि पुरुष त्याच्या कडेनं शिवतायत. भोवती कुंड्या, फुलं, दाट पानं. चित्र सुमारे सव्वादोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे. आपल्या घरातल्या दहा फुटी खोलीची एक भिंतच म्हणा ना!

(शिडाचा जवळून घेतलेला भाग.)

आता जवळ जाऊ या. ही घडी बघा, निळसर जांभळी. ही कड हिरवट. इथे पिवळ्याची झाक. ऊन थेट पडलंय ते ठिपके सोडले, तर निव्वळ पांढरं फार थोडं सापडतं.

सोरोयानं हे मनानं रचलेलं नाही. सावलीतल्या कापडावर ऊन पडत नसलं, तरी वरचं निळं आकाश त्याच्यावर उजेड टाकतच असतं, म्हणून सावली निळसर दिसते. पानांमधून झिरपलेला उजेड हिरवट होऊन येतो. तापल्या जमिनीवरून उलटून आलेला पिवळसर असतो. पांढरं कापड हे सगळं झेलतं. आपला मेंदू मात्र 'कापड पांढरं' एवढंच सांगून मोकळा होतो. इम्प्रेशनिस्ट, म्हणजे त्या क्षणी उजेडात जसं दिसतं तसं रंगवणारे चित्रकार, मेंदूचं ऐकायचं सोडून डोळ्यांचं ऐकायला शिकले. सोरोयाच्या चित्रकलेला स्पेनमध्ये 'लुमिनिस्मो' म्हणतात, उजेडाची चित्रकला. 'इम्प्रेशनिस्ट'पेक्षा मला त्याच्यासाठी हे नाव जास्त पटतं. तरुणपणी त्यानं फोटोग्राफर असलेल्या सासऱ्यांच्या स्टुडिओत काम केलं होतं. उजेड कुठून येतो, कशावर पडतो, याचा सराव तिथेही झाला असणार.

पण मला या चित्रात सगळ्यात जास्त धरून ठेवतं ते यातलं काम.

(पडद्यावर 1894 चं चित्र.)

हे त्याचंच, दोन वर्षं आधीचं. 'आणि म्हणे मासे महाग!' होडीच्या पोटात एक जखमी तरुण कोळी आडवा पडलाय, दोन म्हातारे कोळी त्याला सावरतायत. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. इथे अंधार आहे, ऊन नाही, फुलं नाहीत.

ही दोन चित्रं शेजारी ठेवली की शिवणाऱ्या हातांकडे आपण वेगळ्या नजरेनं बघतो. शिडाच्या होडीला वारा हेच बळ. तो वारा अख्ख्या कापडावर रेटा देतो आणि ताण येतो शिवणीवर. भर समुद्रात शिवण उसवली, तर होडीतल्यांचं काय? कोकणातल्या शिडाच्या होड्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे सांगावं लागणार नाही. बाहेर समुद्रावर जाणाऱ्यांचा जीव इथे पानांच्या सावलीत, टाक्याटाक्यानं राखला जातोय. सोरोयानं समुद्र दाखवलेला नाही, होडीही नाही. तरी त्या कापडाला पडलेल्या लाटांसारख्या घड्या बघा!

1905 च्या बिएनालेत, म्हणजे व्हेनिसमधल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, व्हेनिस शहरानं 'शीड शिवताना' विकत घेतलं. आज ते तिथल्या का पेझारो संग्रहालयात आहे. युरोपात राहणाऱ्या मंडळींनो, गेलात तर आधी लांबून बघा, मग जवळ जा, मग पुन्हा मागे या.

बाकीच्यांनी उद्या सकाळी एवढं करा. पांढरी चादर झाडाखाली वाळत घाला आणि तिची सावलीतली घडी नीट बघा. कोणकोणते रंग दिसले, ते मला खाली लिहून कळवा. मी सगळं वाचणार आहे.