अक्षराचे नाव आणि अक्षराचा आवाज

नमस्कार. मेळाव्याला आलेल्या अनेकांच्या घरी चार ते सात वर्षांची मुले आहेत, आणि घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी वाचायला कसे शिकवावे, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. माझी मुलगी इथे इंग्लंडमध्ये रिसेप्शनच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या, वर्गात गेली तेव्हा मीही, माझ्या लहानपणी झाले होते तसेच, तिच्याकडून ‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ असे घोकून घेतले. आठवडाभरात तिला ते तोंडपाठ झाले. मग पुस्तकात ‘कॅप’ हा शब्द आला. तिने एकेका अक्षरावर बोट ठेवून ‘सी, ए, पी’ म्हटले आणि ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला अक्षरांची नावे येत होती, पण त्या नावांतून शब्द जुळत नव्हता.

आपल्या ‘क’चे नाव आणि उच्चार एकच असल्यामुळे ही अडचण आपल्या चटकन लक्षात येत नाही. इंग्रजीत 26 अक्षरांवर सुमारे 44 ध्वनींचा भार आहे. म्हणूनच इंग्लंडमधल्या शाळा फोनिक्सने, म्हणजे ध्वनींपासून, सुरुवात करतात. 2012 पासून पहिल्या इयत्तेतल्या मुलांची जूनमध्ये जी चाचणी होते, तिच्यातल्या 40 शब्दांपैकी 20 शब्द चक्क बनावट असतात. तिथे पाठांतर उपयोगी पडत नाही. मुलाला ध्वनी जोडूनच वाचावे लागते.

हे जोडणे शिकवण्यासाठी आपल्या भाषेत एक फार चांगले साधन आहे, आणि ते म्हणजे अक्षराचा पाय मोडणे. आपण सवयीने ‘क, ॲ, ट’ असे पूर्ण अक्षर उच्चारतो, त्यामुळे प्रत्येक व्यंजनाला नको असलेला ‘अ’ चिकटतो आणि मुलाला ‘कॅट’ ऐकूच येत नाही. ‘क्, ॲ, ट्’ असे तोडून म्हणा, मग हळूहळू अंतर कमी करा. माझ्या मुलीला तिसऱ्या दिवशी शब्द सापडला. शिवाय ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे स्वर लिहिण्यासाठी मराठीत चिन्हे आहेत, तीही जरूर वापरावीत.

‘व’कडे मात्र लक्ष द्यावे लागते. ओला या अर्थाचा ‘वेट’ आणि जनावरांचा डॉक्टर या अर्थाचा ‘व्हेट’ यांतला फरक आपण लिहिताना दाखवतो, पण बोलताना तो पुसट होतो. मुलाला आरशासमोर उभे करा : व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठावर, डब्ल्यूसाठी ओठांचा चंबू. सरदार या अर्थाच्या ‘नाइट’मधला न उच्चारला जाणारा के दिसला की मुले कारण विचारतात, पूर्वी तो उच्चारला जात असे, पुढे उच्चार बदलला आणि छापखान्यांमुळे स्थिरावत गेलेले स्पेलिंग तसेच राहिले, हे पाच वर्षांच्या मुलालाही समजते.

एका शिक्षिकेने मला घरी फक्त इंग्रजीच बोलण्याचा सल्ला दिला होता. तो हेतूने चांगला असला तरी मला मुळीच मान्य नाही. गफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी 1986 मध्ये मांडले की वाचन हा अक्षरांवरून शब्द ओळखणे आणि भाषा समजणे यांचा गुणाकार आहे. त्यातला एक घटक शून्य असेल तर उत्तरही शून्यच येते. इंग्रजी शब्दसंपत्ती शाळेत, खेळात, वाचनात वाढायला हवीच. पण गोष्टीत पुढे काय होईल, कोण का रागावले, हा विचार करण्याची सवय मुलाला मराठीतल्या गप्पांमधूनही लागते आणि ती इंग्रजी पुस्तकातही त्याच्या कामी येते. म्हणून आमच्याकडे पान इंग्रजीत वाचले जाते आणि त्यावरचे बोलणे मराठीत होते.

रविवारी मुलगी साताऱ्याच्या आजीला व्हिडिओ कॉलवर एक पान वाचून दाखवते. आजीला इंग्रजी येत नाही, त्यामुळे ती दर ओळीला ‘म्हणजे काय गं?’ विचारते. मुलीने ओळ नुसती धडाधड वाचलेली असेल, तर ती तिथे अडखळते, बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला नेते आणि या वेळी सावकाश वाचते.