टॉग : म्हाताऱ्यांच्या टोळीचा रणगाडा

[दृश्य : संग्रहालयाचं दालन. कॅमेरा एका लांबलचक पोलादी कुशीवरून संथपणे सरकतो. कूस संपतच नाही.]

क्रिकेटची खेळपट्टी डोळ्यांसमोर आणा. एका टोकापासून बरोबर मध्यापर्यंत चालत या आणि वर आणखी तीन इंच पुढे सरका. एवढी या रणगाड्याची लांबी. १०.१ मीटर. वजन ८० टन. इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात, बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये तो उभा आहे. एकही लढाई न लढता.

नाव, टॉग २. हे नाव म्हणजे खरं तर एक टोमणा आहे.

[दृश्य : सप्टेंबर १९३९ची जुनी चित्रफीत. लंडन, वाळूच्या पोत्यांच्या भिंती.]

सप्टेंबर १९३९. दुसरं महायुद्ध नुकतंच पेटलेलं. ब्रिटिश सरकारने जड रणगाड्याचा विचार करायला एक समिती नेमली. प्रमुख, सर अल्बर्ट स्टर्न. मूळचे बँकर. त्यांनी जुने सोबती गोळा केले. जहाजांची रचना करणारे सर युस्टेस टेनिसन-डेनकोर्ट. लिंकनचे कारखानदार सर विल्यम ट्रिटन. इंजिनिअर वॉल्टर विल्सन. इंजिनांचे जाणकार हॅरी रिकार्डो. आणि जनरल अर्नेस्ट स्विंटन, ज्यांचा जन्म बंगळूरचा.

ही माणसं साधी नव्हती. १९१५-१६मध्ये जगातला पहिला रणगाडा याच मंडळींच्या हातून घडला होता. लिंकनच्या व्हाइट हार्ट हॉटेलातल्या एका खोलीत बसून ट्रिटन आणि विल्सन यांनी त्याचे आराखडे काढले. ट्रिटन यांच्या विल्यम फॉस्टर कंपनीने तो बांधला. कारखान्यात काय चाललंय ते बाहेर फुटू नये म्हणून सांगितलं गेलं, पाण्याच्या टाक्या बनताहेत. म्हणून नाव पडलं, टँक. आता गंमत बघा. इंग्रजीतल्या या 'टँक'चं मूळ सांगताना इंग्रजी कोश गुजरातीतल्या आणि मराठीतल्या शब्दांकडे बोट दाखवतात. आपलं टाकं. गडावर पाण्याचं असतं, तेच.

[दृश्य : पहिल्या महायुद्धातला चिखल, खंदक, तारांची जाळी.]

पण १९३९ उजाडेपर्यंत यातल्या बहुतेकांनी साठी ओलांडली होती. दोघे तर सत्तरीचे. दफ्तरातल्या लोकांनी समितीला नाव ठेवलं, 'द ओल्ड गँग'. म्हाताऱ्यांची टोळी. आद्याक्षरं जुळवली की होतं, टॉग. म्हाताऱ्यांनी राग मानला नाही. उलट तेच नाव रणगाड्याला लावून टाकलं. मला हे फार आवडतं.

त्यांच्या डोळ्यांपुढे युद्ध होतं ते १९१७चं. तोफगोळ्यांनी नांगरलेली जमीन, गुडघाभर चिखल, रुंद खंदक. तेव्हा हे चुकीचंही वाटत नव्हतं. फ्रेंच फौज मॅजिनो रेषेच्या काँक्रीटमागे बसली होती, समोर जर्मनांची तटबंदी. युद्ध पुन्हा खंदकांत अडकणार, असं भल्याभल्यांना वाटत होतं.

लांबीचं कोडं इथेच सुटतं. रणगाडा खंदक ओलांडतो तेव्हा त्याचं नाक पलीकडच्या काठाला टेकेपर्यंत मागचा भार अलीकडच्या काठावर तोलून धरावा लागतो. लांबी कमी पडली, तर तो नाकावर आत कोसळतो. खंदक जितका रुंद, रणगाडा तितका लांब हवा. साधा हिशेब.

[दृश्य : आराखडा जवळून. इंजिन, जनित्र, दोन मोटरी.]

आता आत डोकावू. सहाशे अश्वशक्तीचं इंजिन. पॅक्समन कंपनी आणि रिकार्डो यांचं, बारा सिलिंडरांचं डिझेल. पण हे इंजिन रणगाड्याच्या पट्ट्यांना, म्हणजे चाकांभोवतीच्या पोलादी साखळ्यांना, थेट फिरवत नाही. ते वीज तयार करतं, आणि त्या विजेवर दोन मोटरी चालतात, डाव्या पट्ट्याला एक, उजव्याला एक. चालकाच्या हातात मोटारीसारखं चाक. ते फिरवलं की एका मोटरीची वीज वाढते, दुसरीची घटते आणि ऐंशी टनांचं धूड वळायला लागतं. गिअर बदलायची झटापट नाही. कागदावर तरी झकास.

पहिला नमुना, टॉग १, ऑक्टोबर १९४०मध्ये तयार झाला. त्याच्या डोक्यावर मटिल्डा रणगाड्याचा फिरता बुरूज उसना आणून बसवला होता. पट्ट्यांना स्प्रिंग नाहीत. विजेच्या यंत्रणेने त्रास दिला, शेवटी ती काढून हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारी, जोडणी बसवावी लागली. मुळात रुंदीच्या तिप्पट लांबी असलेली गाडी वळवायची, म्हणजे एवढा लांब पट्टा जमिनीवर आडवा घासत न्यायचा. बैलगाडी गल्लीत वळवून बघितलेल्याला हे समजावून सांगायला नको.

आणि तोवर? मे १९४०मध्ये जर्मन रणगाडे आर्डेनच्या जंगलातून मुसंडी मारून आले. मॅजिनो रेषेला वळसा घातला. जूनमध्ये फ्रान्स पडला. ज्या खंदकांसाठी ही लांबी होती, ते खंदक खोदलेच गेले नाहीत.

टोळी मात्र थांबली नाही. मार्च १९४१मध्ये टॉग २ पहिल्यांदा धावला. धावला म्हणजे, ताशी जेमतेम १४ किलोमीटर. सायकलवाला सहज पुढे जाईल. पट्टे टॉग १पेक्षा खाली घेतले होते. कुशीत तोफांचे कप्पे ठेवायचे ठरलं होतं, ते कधी बसलेच नाहीत. पुढे टॉर्शन बारचं सस्पेन्शन, म्हणजे पीळ खाऊन धक्के झेलणाऱ्या पोलादी दांड्या, आलं आणि मे १९४३च्या चाचणीत तो नीट चालला.

हो, नीट चालला. टॉगला थट्टेत काढणारे हे विसरतात. बिघडला म्हणून तो बाद झाला नाही. दरम्यान व्हॉक्सहॉलचा चर्चिल रणगाडा आला होता, टॉगच्या निम्म्या वजनाचा, आणि कारखान्यांतून बाहेरही पडत होता. मग ऐंशी टनांचं ओझं कोण पोसणार?

[दृश्य : बुरूज जवळून. लांब नळी.]

तरी वर बघा. ही लांब नळी १७ पाउंडर, म्हणजे सतरा पाउंडांचा गोळा फेकणाऱ्या, तोफेची. बुरुजात ही तोफ बसवलेला पहिला ब्रिटिश रणगाडा हाच. बुरूज बाथच्या स्टॉदर्ट अँड पिट कंपनीचा, जी एरवी बंदरावरच्या क्रेन बनवायची. त्याचीच पुढची आवृत्ती चॅलेंजर रणगाड्यावर गेली.

[दृश्य : ६ जून १९४४. समुद्र. सपाट तळाच्या होड्या.]

आणि ते इंजिन? पॅक्समनने ते रणगाडे वाहून नेणाऱ्या ब्रिटिश होड्यांत बसवलं. टॉग कुठेच गेला नाही. पण नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दुसरे रणगाडे उतरत होते, तेव्हा त्या होड्यांच्या पोटात धडधडत होतं ते त्याच घराण्यातलं डिझेल.