जीन हॅकमनचे हात

(पडद्यावर : अमेरिकेतल्या एका छोट्या गावाचा रस्ता, जुने कृष्णधवल फोटो. संगीत नाही.)

इलिनॉय राज्यातलं डॅनव्हिल गाव. १३ वर्षांचा एक मुलगा रस्त्यावर खेळतोय. समोरून वडिलांची गाडी येते, पण थांबत नाही. वडील आतूनच हात हलवतात आणि पुढे निघून जातात. ते कायमचे चाललेत, हे मुलाला कुणी सांगावं लागलं नाही. त्या हातातच सगळं होतं.

हा मुलगा म्हणजे जीन हॅकमन. सत्तरी ओलांडल्यावरही तो मुलाखतीत हा प्रसंग सांगायचा. माणसाच्या एवढ्याशा हालचालीत केवढं काय काय मावतं, ते तेव्हा समजलं आणि कदाचित म्हणूनच आपण नट झालो, असं त्याचं म्हणणं होतं.

४० वर्षांत त्यानं ७० हून अधिक सिनेमे केले. पोलीस, पाद्री, खलनायक, प्रशिक्षक, सेनापती, बाप. सगळे सिनेमे इथे मावणार नाहीत, आणि काही त्यानं नुसते पैशासाठी केले होते, हे तो स्वतःच सांगायचा. आपण त्यातले मोजके बघू. एकच विनंती आहे, चेहऱ्याबरोबर त्याच्या हातांवरही नजर असू द्या.

(पडद्यावर : न्यूयॉर्क, पन्नाशीचं दशक. हॉटेलच्या दारात उभा गणवेशातला दरवान.)

१६ व्या वर्षी वय खोटं सांगून तो मरीन सैन्यात शिरला. रेडिओ ऑपरेटर म्हणून चीनपर्यंत जाऊन आला. मग कॅलिफोर्नियात पॅसाडीना प्लेहाऊस ही अभिनयाची शाळा. तिथे त्याची डस्टिन हॉफमनशी दोस्ती झाली. यांचं काहीही होणार नाही, असा या दोघांबद्दल वर्गाचा कौल होता. पुढे न्यूयॉर्कला त्यानं टाइम्स स्क्वेअरमधल्या एका रेस्टॉरंटच्या दारात दरवानाची नोकरी धरली. एक दिवस मरीनमधला जुना वरिष्ठ समोरून आला, याला गणवेशात उभं पाहिलं आणि एक शिवी हासडून पुढे गेला. हॅकमन ते कधी विसरला नाही.

मोठा सिनेमा मिळाला तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. १९६७ चा 'बॉनी अँड क्लाइड'. त्याच वर्षी दुसऱ्या एका गाजलेल्या सिनेमातून त्याला तालमीतच काढून टाकलं होतं. 'बॉनी अँड क्लाइड'मध्ये तो दरोडेखोर क्लाइडचा भाऊ बक. खूप दिवसांनी भाऊ भेटतात, मिठ्या मारतात, लुटुपुटीचे गुद्दे हाणतात. आता आपण किती मजा करू, असं बक म्हणतो. मग दोघंही गप्प. करायचं काय, हे दोघांनाही सुचत नाही. हसता हसता हॅकमनच्या चेहऱ्यावरचं हसू अर्ध्यात थबकतं, आणि या माणसाचं पुढे काही बरं होणार नाही हे आपल्याला कळून चुकतं. ऑस्करचं पहिलं नामांकन याच भूमिकेसाठी.

दुसरं नामांकन मिळालं १९७० च्या 'आय नेव्हर सँग फॉर माय फादर'साठी. हट्टी, म्हातारा बाप आणि त्याच्याशी शेवटपर्यंत सूर न जुळलेला मुलगा. त्या मुलाचं नावही जीनच. डॅनव्हिलचा रस्ता ठाऊक असेल तर हा सिनेमा बघताना घसा दाटून येतो.

(पडद्यावर : न्यूयॉर्कचा हिवाळा. तोंडातून निघणारी वाफ. कागदी कप.)

आणि मग १९७१. विल्यम फ्रीडकिनचा 'द फ्रेंच कनेक्शन'.

या सिनेमाचं नाव काढलं की लोक तो पाठलाग सांगतात. वरून धडधडत जाणारी ब्रुकलिनची रेल्वे, आणि खाली पुलाच्या खांबांमधून तिच्या मागे सुसाट सुटलेली पॉपाय डॉइलची, म्हणजे हॅकमनच्या पोलिसाची, गाडी. पाठलाग थरारक आहेच. मला मात्र त्याच्या आधीचा एक प्रसंग जास्त मोलाचा वाटतो. फ्रेंच तस्कर शार्निए उबदार रेस्टॉरंटमध्ये बसून निवांत जेवतोय, एकामागून एक पदार्थ येतायत. रस्त्यापलीकडे डॉइल थंडीत उभा. एका हातात पिझ्झ्याचा तुकडा, दुसऱ्या हातात कॉफी. तो एक घोट घेतो आणि उरलेली कॉफी रस्त्यावर ओतून देतो. संवाद नाही. पण डॉइलचा पगार, त्याचा हट्ट, आतल्या माणसाबद्दलची जळजळ, सगळं त्या ओतण्यात आलं.

मग भुयारी रेल्वेचं स्टेशन. शार्निए डब्यात चढतो, डॉइल चढतो. तो उतरतो, हा उतरतो. शेवटी शार्निए छत्री अडकवून दार उघडं ठेवतो आणि आत शिरतो. डॉइल फलाटावरच राहतो. गाडी सुटते, आणि काचेपलीकडून शार्निए बोटं हलवून त्याचा निरोप घेतो.

चाललेल्या गाडीतून हलणारा हात, आणि बाहेर उभा राहिलेला जीन हॅकमन. हा योगायोगच असेल. पण त्या क्षणी त्याच्या डोळ्यांत जे दिसतं ते निव्वळ पोलिसाचं अपयश नाही, असं मला हा सिनेमा दरवेळी बघताना वाटतं. सिनेमाच्या शेवटाकडे पुलावर पोलिसांनी वाट अडवलेली असते. शार्निएची गाडी समोर येऊन थांबते, आणि डॉइल हात वर करून अगदी तशीच बोटं हलवतो.

सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर त्याला मिळालं. डॉइलचा क्रूरपणा अंगात आणणं त्याला फार जड गेलं होतं. चित्रीकरणाच्या सुरुवातीलाच, लोकांना थोबाडीत मारायच्या प्रसंगात, सिनेमा सोडून द्यावा असं त्याच्या मनात आलं होतं.

(पडद्यावर : टेपरेकॉर्डरची फिरणारी चाकं, अगदी जवळून.)

तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, फ्रान्सिस फोर्ड कोपोलाचा 'द कॉन्व्हर्सेशन'. मला विचाराल तर हॅकमनचं सगळ्यात मोठं काम हेच.

हॅरी कॉल हा चोरून संभाषण ऐकणारा तज्ज्ञ. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये एक जोडपं फिरत बोलतंय, ते तो टिपतो. मग कार्यशाळेत बसून टेप मागे-पुढे करत राहतो. एक बटण, दुसरं बटण, पुन्हा मागे. त्याची बोटं यंत्रावर इतकी सराईत चालतात, आणि माणसांत आला की त्याच हातांना कुठे ठेवावं हे कळत नाही. अंगात बिनरंगाचा पारदर्शक रेनकोट. घराला कुलपांवर कुलपं, तरी वाढदिवसाला घरमालकीण आत वाईनची बाटली ठेवून गेलेली असते. ती आत आलीच कशी, या विचारानं त्याच्या पोटात गोळा येतो. शेवटी आपल्यावरच कुणी पाळत ठेवलीय हे कळल्यावर तो स्वतःचं घर फळीन् फळी उखडून काढतो. काहीच सापडत नाही. त्या ढिगाऱ्यात बसून तो सॅक्सोफोन वाजवतो. या भूमिकेसाठी हॅकमन ते वाद्य शिकला होता.

आता गंमत बघा. त्याच वर्षी मेल ब्रुक्सच्या 'यंग फ्रँकेन्स्टाइन'मध्ये तो काही मिनिटांसाठी येतो. एकटा राहणारा, आंधळा, देवभोळा म्हातारा. राक्षस दारात आलाय, आणि याला पाहुणा आल्याचा आनंद! प्रेमानं सूप वाढायला जातो ते थेट राक्षसाच्या मांडीवर. सिगार पेटवायला जातो तर राक्षसाचा अंगठा पेटवतो. हॅरी कॉल केल्याच्या वर्षातच हे केलं! आणि म्हाताऱ्याची एकही चूक तो हसवण्यासाठी करत नाही. म्हाताऱ्याला खरंच पाहुणचार करायचाय, म्हणून हसू येतं.

१९७८ मध्ये 'सुपरमॅन'चा खलनायक लेक्स ल्युथर. तेव्हा त्याला मिशा होत्या आणि त्या काढायला तो तयार नव्हता. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर म्हणाले, तुम्ही काढा, मग मीही माझ्या काढतो. हॅकमननं काढल्या. डॉनरनी आपल्या मिशा चिमटीत धरून अलगद ओढून काढल्या. त्या खोट्या होत्या.

(पडद्यावर : इंडियाना, रिकामं बास्केटबॉलचं मैदान.)

१९८६ चा 'हूजियर्स'. खेड्यातल्या शाळेचा संघ राज्याच्या अंतिम सामन्यासाठी शहरातल्या प्रचंड क्रीडागृहात येतो आणि मुलं छाती दडपून उभी राहतात. प्रशिक्षक नॉर्मन डेल भाषण देत नाही. तो मोजपट्टी मागवतो. बास्केटखालपासून फ्री थ्रोच्या रेघेपर्यंत किती? १५ फूट. रिंग किती उंच? एका मुलाला दुसऱ्याच्या खांद्यावर चढवून मोजायला लावतो. १० फूट. आपल्या गावातही एवढंच आहे, तो शांतपणे म्हणतो. मुलांचे खांदे सैल होतात. आमच्या मास्तरांपैकी एखाद्यानं परीक्षेच्या आधी अशी मोजपट्टी काढली असती तर, असं हा प्रसंग बघताना कितीदा मनात येतं.

'मिसिसिपी बर्निंग' १९८८ चा. १९६४ मध्ये नागरी हक्कांच्या तीन कार्यकर्त्यांचे खून झाले, त्यावर आधारलेला. हॅकमनचं काम जबरदस्त आहे, पण ज्या कृष्णवर्णीयांचा तो लढा होता तेच सिनेमात मागे पडले आणि गोरे अधिकारी नायक झाले, ही टीका तेव्हाही झाली. ती रास्त होती.

क्लिंट ईस्टवुडच्या 'अनफर्गिव्हन'ला, १९९२ मध्ये, त्यानं आधी नकार दिला होता. हिंसा नको होती. मग केला, आणि शेरीफ लिटल बिल उभा केला. हा बिल स्वतःच्या हातानं घर बांधतोय. सुतारकाम इतकं कच्चं की छप्पर गळतं. पण पिस्तुलावर त्याचा हात पक्का. तुरुंगातल्या प्रसंगात तो एका लेखकाच्या हाती पिस्तूल देतो, मला मार आणि कैद्याला घेऊन जा म्हणतो. लेखकाला जमत नाही. मग तेच पिस्तूल कैद्याला देऊ करतो. कैदी बराच वेळ बघतो आणि हात मागे घेतो. बिल पिस्तूल उघडून दाखवतो, गोळ्या आत होत्याच. एवढा वेळ हॅकमन मोकळेपणानं, गप्पा मारल्यासारखा बोलतोय, आणि आपला श्वास अडकलेला. मरताना बिलची तक्रार अशी की मी तर घर बांधत होतो. दुसरं ऑस्कर या भूमिकेचं.

२००३ मध्ये 'रनअवे ज्युरी'त तो आणि डस्टिन हॉफमन पहिल्यांदा पडद्यावर समोरासमोर आले, न्यायालयाच्या स्वच्छतागृहात. पॅसाडीनाच्या त्या वर्गाला जवळजवळ ५० वर्षं होत आली होती. २००४ च्या 'वेलकम टू मूसपोर्ट'नंतर त्यानं अभिनय थांबवला. न्यू मेक्सिकोत सँटा फेला राहून कादंबऱ्या लिहिल्या, चित्रं काढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये, ९५ व्या वर्षी, तिथेच तो गेला. पत्नी बेट्सी अराकावा त्याच्या काही दिवस आधी गेल्या होत्या.

(पडद्यावर : लाल ट्रॅकसूट घातलेली दोन मुलं. एक डाल्मेशियन कुत्रा.)

एक सिनेमा मुद्दाम मागे ठेवला होता. २००१ चा 'द रॉयल टेननबॉम्स'. वेस अँडरसननं ही भूमिका हॅकमनलाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिली होती, आणि हॅकमन आढेवेढे घेत होता. रॉयल हा घर सोडून गेलेला बाप. वर्षानुवर्षांनी, कॅन्सर झाल्याची थाप मारून तो परत येतो. थोरला मुलगा चॅस, म्हणजे बेन स्टिलर, त्याला उभं करत नाही. चॅसची बायको विमान अपघातात गेलीय, पोरांना तो क्षणभर नजरेआड होऊ देत नाही.

शेवटाकडे एक गाडी भरधाव येऊन घरावर आदळते. रॉयल दोन्ही नातवांना वाचवतो, पण त्यांचा कुत्रा मरतो. तिथे आलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांकडून रॉयल त्यांचा डाल्मेशियन विकत घेतो आणि चॅसला देतो. चॅसचा आवाज फुटतो. बाबा, हे वर्ष फार वाईट गेलं हो माझं.

रॉयल मुलाला लहानपणीच्या नावानं हाक मारतो. ठाऊक आहे मला, चॅसी.

७१ वर्षांचा हॅकमन. या वेळी तो गाडीत बसलेला नाही. रस्त्यावर, मुलाशेजारी उभा आहे.

(पडद्यावर : दृश्य थांबतं. नावं सुरू होतात.)