तुटपुंज्या कमाईत समाधान कसं शिकायचं? 'पुरे'ची रेघ आधी ओढा

जय ख्रिस्त! कमेंटमध्ये एक प्रश्न सतत येतोय: "ताई, पैसा कमी आहे, प्रार्थना रोज करतो, तरी महिन्याच्या शेवटी मन अस्वस्थच असतं. समाधान येणार कधी?" आज त्याबद्दलच बोलू.

सुरुवातीच्या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत, म्हणून त्या भराभर सांगते. पैसा वाईट नाही, त्याचा लोभ वाईट, असं बायबल सांगतं: १ तीमथ्य ६:१०. देव आणि धन या दोन धन्यांची चाकरी एकदम होत नाही: मत्तय ६:२४. आणि समाधान म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे, येशूचा प्रेषित पौलसुद्धा तंबू करण्याचं काम करून पोट भरत होता: प्रेषितांची कृत्ये १८:३. झालं.

आता फिलिप्पैकरांस पत्र, ४:१३. जो मला सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करू शकतो. हे वचन परीक्षेला लावतात, मुलाखतीला लावतात, नव्या गाडीलाही लावतात. मनापासून विनंती आहे, आधीची दोन वचनं सोडू नका. पौल कैदेत आहे. फिलिप्पै शहरातल्या मंडळीनं, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांनी, एपफ्रदीत नावाच्या आपल्या माणसाच्या हाती पाठवलेली मदत त्याला मिळाली आहे आणि तिच्याबद्दल आभार मानताना तो लिहितो की, भरल्या पोटी राहायला आणि उपाशी राहायला, दोन्ही मी शिकलो आहे. त्याचं 'सर्वकाही' म्हणजे हे. जे पौलाला शिकावं लागलं, ते आपल्याला एका रात्रीच्या प्रार्थनेत कसं मिळेल? शिकायचं म्हटलं की सराव आला, आणि सराव वहीपासून सुरू होतो.

मागच्या ३ महिन्यांचा खर्च लिहा. खरा झालेला, अंदाजे नको. भाडं, अन्न, औषध, प्रवास, शाळा, हप्ते. मग वर्षातून एकदाच येणारे खर्च वेगळे लिहा: फी, विमा, नाताळ, घरातलं लग्नकार्य. त्यांच्या बेरजेला १२ ने भागा आणि तो आकडा दर महिन्याच्या खर्चात मिळवा. बहुतेकांचं इथेच बिघडतं. फी दरवर्षी त्याच महिन्यात येते, पण वहीत ती नसते. म्हणून ती संकटासारखी अंगावर येते आणि आपण म्हणतो, देवानं ऐकलं नाही. कमाई दर महिन्याला बदलत असेल तर मागच्या १२ महिन्यांतला सर्वांत कमी कमाईचा महिना धरा, सरासरी धरू नका. सरासरीवर घर चालवलं तर कमी कमाईच्या महिन्यात कर्ज होणारच. आणि नवरा-बायको असाल तर ही वही दोघांनी मिळून लिहा. एकाला ठाऊक नसलेलं कर्ज असेल, तर दुसऱ्याचं समाधान खोट्या आकड्यावर उभं असतं.

आता अवघड पायरी. या सगळ्याची बेरीज करून, त्यात दान आणि थोडी बचत धरून, खाली एक रेघ ओढायची आणि लिहायचं: पुरे. देवा, आमच्या घराला एवढं पुरे आहे. आणि ही रेघ जास्तीचा पैसा हातात येण्याच्या आधी ओढायची.

'आधी' या शब्दावर मी अडून बसणार आहे. लूक १२ मध्ये येशूनं सांगितलेल्या दाखल्यातला श्रीमंत माणूस पाहा. पीक उदंड आलं तेव्हा तो स्वतःशी विचार करू लागला की, आता काय करू? पुरे किती, हे पीक येण्यापूर्वी कधी ठरलंच नव्हतं, म्हणून मोठी कोठारं बांधणं हे एकच उत्तर त्याला सुचलं. त्याच्या बेतात दुसरं माणूसच नाही.

दुसरीकडून पाहा, निर्गम १६. रानात इस्राएल लोकांना देव रोज जे अन्न देत होता, त्या मान्न्याचं वेचण्याचं माप आधीच ठरलं होतं: माणशी एक ओमर, म्हणजे त्या काळचं एक माप. ज्यांनी सकाळपर्यंत उरवून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. पण सातवा दिवस विसाव्याचा असल्यानं सहाव्या दिवशी दुप्पट वेचायला सांगितलं होतं आणि तो साठा नासला नाही. म्हणून "बचत करणं म्हणजे अविश्वास का?" असं विचारणाऱ्यांना सांगते, नाही. माहीत असलेल्या गरजेसाठी ठेवणं वेगळं आणि भीतीपोटी साठवत राहणं वेगळं. रेघ असली की हा फरक आकड्यात दिसतो.

आणि तिसरीकडून, आगूर नावाच्या माणसाची प्रार्थना, नीतिसूत्रे ३०:८-९. दारिद्र्य नको, श्रीमंतीही नको, माझ्या वाट्याचं अन्न दे. कारणं तो स्वतःच सांगतो: फार झालं तर देवाला नाकारीन, फार कमी पडलं तर चोरी करीन. रेघ हातात घेऊन प्रार्थना करणं ते हेच. "देवा, भरपूर दे" या प्रार्थनेचं उत्तर आलं की नाही, हे कधी कळतच नाही. "या महिन्यात औषधाला एवढे कमी पडतात" याचं उत्तर आलं की कळतं आणि उपकारस्तुती करता येते.

रेघ चुकते कुठे? शेजाऱ्याकडे किंवा मंडळीतल्या दुसऱ्या कुटुंबाकडे पाहून ओढली की चुकते. स्तोत्र ७३ मध्ये स्तोत्रकार आसाफाचे पाय घसरण्याच्या बेतात आले ते दुसऱ्यांची भरभराट पाहूनच. अशा वेळी नुसतं "मत्सर काढून टाक" म्हणू नका. शेजाऱ्याच्या कशाचाही लोभ धरू नको, हे दहावी आज्ञा घर, बैल, गाढव अशी नावं घेऊन सांगते. तुम्हीही नाव घ्या: देवा, मला त्यांचं घर हवंसं वाटतंय. दुसरी चूक म्हणजे पगार वाढला की रेघ गुपचूप वर सरकते. वर्षातून एकदाच बदला. आजारपण, बाळंतपण, घर बदलणं, एवढेच अपवाद. रेघेपेक्षा जास्त आलेल्या पैशाचा क्रमही आत्ताच लिहून ठेवा: आधी सर्वांत जास्त व्याजाचं कर्ज, मग ३ महिन्यांच्या खर्चाइतकी बचत, त्यापुढचं दुसऱ्यांसाठी.

दानाबद्दल. "कर्ज काढून दान दिलं तर देव अनेकपटींनी देईल का?" असं विचारणारे बरेच आहेत. नका हो असं करू. २ करिंथ ८:१२ सांगतं की दान जवळ आहे त्यातून स्वीकारलं जातं, नाही त्यातून नव्हे. आणि जवळ होतं नव्हतं ते सगळं दान देणाऱ्या विधवेची दोन नाणी पुढे करून गरिबांकडून पैसे काढणाऱ्यांनी मार्क १२ मधलं ४० वं वचन आधी वाचावं. विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना, म्हणजे धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांना, येशू तिथे दोष देतो आणि लगेच पुढच्या वचनांत ती विधवा येते. तिचं प्रेम मोठं आहे, पण तिला लुबाडण्याची परवानगी त्या उताऱ्यात कुणालाच नाही.

शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. "आमच्याकडे रेघेपर्यंतही येत नाही, त्याचं काय?" ज्या घरात अन्न-वस्त्रच पुरत नाही, त्या घराला समाधानाचा उपदेश करायचा नसतो. पौल १ तीमथ्य ६:८ मध्ये तृप्त राहा म्हणतो ते अन्नवस्त्र असताना. नसताना काय करायचं, ते याकोब २:१५-१६ सांगतं: ऊब घ्या, पोटभर जेवा असं नुसतं म्हणून पाठवू नका, द्या. मालकानं मजुरी अडवली असेल तर ती मागा, याकोब ५:४ प्रमाणे ती मजुरी देवापुढे ओरडते आहे. जास्त कमाईचं काम मिळत असेल तर जरूर घ्या. आणि मंडळीला सांगा. यरुशलेमेतल्या मंडळीत काही विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं तेव्हा त्यांच्या वतीनं तक्रार झाली, आणि प्रेषितांनी सात माणसं नेमायला लावली: कृत्ये ६. तक्रार करणाऱ्यांना कुणी अविश्वासू म्हटलं नाही. पाळकांकडे किंवा ज्या वडीलजनांवर तुमचा विश्वास आहे त्यांच्याकडे जाताना ती वही सोबत न्या. "फार अडचण आहे" एवढ्यावर थांबू नका. भाड्याला इतके कमी पडतात, या तारखेपर्यंत हवे आहेत, असं आकडा दाखवून सांगा.