पिकअपचा श्वास कुठे अडकतो?

सावदा-रावेर या केळीच्या पट्ट्यातल्या पिकअप चालक-मालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन

राम राम मंडळी. टेबलावर हा उभा चिरलेला सायलेन्सर ठेवलाय, तो माझ्याच जुन्या गाडीचा. आत येताना एकाने विचारलं, "काय भो, भाषणाला भंगार घेऊन आलास?" भंगारच आहे, पण आत बघा. मधे भोकं पाडलेली नळी, तिच्याभोवती डबा, डब्यात दोन आडवे पडदे. धूर नळीत शिरतो, भोकांतून पसरतो, पडद्यावर आपटतो, वळतो आणि दुसऱ्या नळीने निघतो. त्या फिरण्यात आवाज मरतो. वाटही थोडी अडते, ते मी नाकारत नाही.

वाट मोकळी झाली की जोर वाढेल, म्हणून याच गाडीच्या दुसऱ्या सायलेन्सरचे पडदे मी एकदा कापून टाकले होते. वय पंचविशीचं. चाळीसगावहून सरकीची पोती भरून कन्नडचा घाट चढलो. काय आवाज! वाटलं, गाडी दुप्पट जोर करतेय. वर पोचायला वेळ मात्र तेवढाच लागला. डिझेल उलट जास्त गेलं, कारण आवाजाच्या नादात पाय ॲक्सिलरेटरवरून उठतच नव्हता. कापलेला जोड नीट बसला नव्हता, तिथून धूर केबिनमध्ये येत होता. घाटमाथ्यावर क्लीनर डोकं धरून बसला. ऊन लागलं असेल म्हणून मी त्याला कांदा फोडून दिला. तो कार्बन मोनॉक्साइड होता, हे मला फार उशिरा कळलं.

आता थोडं गणित. आपल्या नेहमीच्या पिकअपचं इंजिन अडीच लिटरचं. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं. तीन हजार आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तीन हजार फेऱ्यांना, दीड हजार श्वास, म्हणजे ३,७५० लिटर हवा. हे टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा, धरला नाही तर. बाहेर पडताना तोच वायू ५०० अंशांच्या आसपास तापलेला असतो, म्हणून अडीच पट फुगलेला. उन्हाळ्यात गावात येतो तो पाच हजार लिटरचा टँकर आठवा; तसे जवळजवळ दोन टँकर दर मिनिटाला या नळीतून जातात. टर्बो धरला की आणखी.

म्हणून पोरं म्हणतात, नळी मोठी टाका. माझ्या भाच्याने मोबाईलवर अमेरिकेतल्या पिकअप दाखवल्या, मागे पाच इंची नळकांडं. अरे, पण त्या गाडीत कमिन्सचं ६.७ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन किंवा फोर्डचं ६.७ लिटरचं व्ही-८. ताकद चारशे अश्वशक्तीच्या घरातली. आपली सत्तर-पंचाहत्तर. दोन इंचाची नळी पाच इंचाची केली की पोटातली जागा सव्वासहा पट होते. ओढ्याला तापीचं पात्र कशाला? टर्बोतून धूर बाहेर पडल्यावरची वाट जितकी मोकळी तितकं बरं, हे खरं. पण ती आधीच पुरेशी मोकळी असेल, तर आणखी मोकळी करून हाती फक्त आवाज येतो. पुरेशी आहे की नाही, हे प्रेशर गेज लावून कळतं, कानाने नाही.

धुळ्याकडचा एक जण माझ्याकडे आला. "भाऊ, गाडी वढत नही." सायलेन्सर बदलायचाच, असं ठरवून आला होता. एअर फिल्टर काढून आपटला तर वाटीभर काळी माती पडली. नाकच बुजलं होतं, आणि हा दुसऱ्या टोकाची वाट रुंद करायला निघालेला! तेव्हा आधी फिल्टर. मग टर्बोकडून हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला जाणारा रबरी होज आणि त्याचे क्लॅम्प. मग मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या जोडाचं, गॅस्केट. तिथे फुटलं असेल तर जोडावर काजळीची बारीक रेघ उमटते. टर्बो फिरवणारा वायू तिथूनच निसटतो, मग ताकद कुठून येणार? मागच्या नळीची गळती शोधायची तर गाडी थंड असताना सुरू करा, टेलपाईपच्या तोंडावर ओलं बारदान दोन-तीन सेकंद दाबा. जिथे फुसफुस ऐकू येईल, तिथे भोक.

आता बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमांच्या गाड्या. १ एप्रिल २०२० पासूनच्या या गाड्यांत धुराच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे काजळीचा फिल्टर, बसवलेला असला, तर तो काजळी धरून ठेवतो आणि साधारण ६०० अंशांना ती जाळून टाकतो. पण तेवढी उष्णता यायला गाडी सलग पळावी लागते. आपली गाडी काय करते? बागेतून निघाली, चार-पाच किलोमीटर सेकंड-थर्डमध्ये, मग कॅरेट भरेपर्यंत अर्धा तास चालूच उभी. फिल्टर तुंबणार नाही तर काय! डीपीएफचा पिवळा दिवा लागला की घाबरू नका, भरली गाडी हायवेला घाला, वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात चालवा. दिव्याकडे दुर्लक्ष करून पुन्हा गल्लीत फिरलात तर खर्च तुमचा. ऑइलही सांगितलेल्या ग्रेडचंच हवं. चुकीच्या ऑइलची राख फिल्टरमध्ये बसते, आणि काजळी जळते तशी राख जळत नाही.

काही ठिकाणी डीपीएफचा कोथळा काढून देतात. फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे दोन बारीक नळ्या असतात, त्या दाबातला फरक मोजतात. फरक संपला की कॉम्प्युटरला कळतं आणि तो इंजिनाचा जोर काढून घेतो. मग कॉम्प्युटरला फसवायचे पैसे वेगळे. वर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आहेच. आवाज-धुराच्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, लायसन्सवर तीन महिने गदा. माझं सरळ मत, हे काम करून मागू नका.

मग सुधारायचं काय? सडलेली नळी. बदलायचीच तर स्टेनलेस घ्या. ३०४ ग्रेडचं महाग पडतं, पण गंजाला टिकतं. ४०९ स्वस्त, वरून थोडं गंजतं, तरी साध्या पत्र्याच्या पुढे खूप चालतं. दुकानदार ३०४ म्हणून देत असेल तर चुंबक लावा. घट्ट चिकटलं तर ते ३०४ नव्हे. वाकण चेपलेलं नको, कारण चेपलेल्या जागीच वाट अडते. जुने मिस्त्री नळीत चाळलेली कोरडी वाळू ठासून, दोन्ही तोंडांना बूच मारून, तापवून वाकवत. गोलाई जशीच्या तशी. वाळू दमट राहिली तर वाफेने बूच गोळीसारखं उडायचं. आमच्या शेडच्या पत्र्याला अजून तो खड्डा आहे.

आणि लटकन! नवी नळी टाकली की वेल्डर अँगल लावून ती थेट चेसिसला चिकटवतो, म्हणतो आता हलणार नाही. हलायलाच हवी. तीन मीटरची लोखंडी नळी चारशे अंशांनी तापली की जवळपास दीड सेंटीमीटर लांबते, ३०४ स्टेनलेस तर दोन. ती लांबी जाईल कुठे? मॅनिफोल्डला तडा जातो, नाहीतर टर्बोचे स्टड तुटतात. कंपनीने रबरी हँगर आणि जाळीची फ्लेक्सिबल नळी हौसेने दिलेली नाही.

टेलपाईप हौद्याच्या पुढेच तोडून बाजूला काढायची फॅशन आलीय. धूर सरळ मालावर. त्यात थोडं इथिलीन असतं. रायपनिंग चेंबरमध्ये केळी पिकवायला सोडतात तोच वायू. उघड्या गाडीत तो उडून जाईल, पण पॅकहाऊसच्या बंद शेडमध्ये चालू इंजिन उभं करू नका. आणि गरम धुराने घडाची साल काळवंडली तर व्यापारी भाव तुमच्याच मालाचा पाडणार.

सायलेन्सर इथेच ठेवतो, हात घालून बघा, कड मात्र धारदार आहे. अजून एक. बाहेर मैदानात तीन-चार गाड्या केळीच्या वाळक्या पाल्यावर लावलेल्या मी येताना पाहिल्या. हायवेने तापून आलेल्या असतील तर चहाआधी त्या तेवढ्या पुढे घ्या.